चित्रातला विजय

आयर्लंड देशाच्या डब्लिन शहरात चेस्टर बीटी या गृहस्थाच्या नावाने ओळखले जाणारे एक ग्रंथसंग्रहालय आहे. पूर्वेकडील देशांतून गोळा केलेली हस्तलिखिते आणि चित्रे तेथे मोठ्या निगुतीने जपलेली आहेत. त्यांत वहीच्या पानाएवढे एक मोंगली चित्र आहे, सुमारे १६१६ सालचे. चितारी अबुल हसन. ज्याला जहांगीर बादशहाने पुढे ‘नादिर-उज-जमान’, म्हणजे आपल्या युगातला अद्वितीय, असा किताब दिला, तोच हा. चित्रात खुद्द जहांगीर आहे. तो जमिनीवर उभा नाही. पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, आणि बैल एका मोठ्या माशाच्या पाठीवर. बादशहाने धनुष्य ओढले आहे. समोर भाल्याच्या टोकावर एका काळ्या माणसाचे तोडलेले शिर आहे, शिरावर घुबड बसले आहे, आणि बादशहाचा नेम त्या शिरावर आहे. वर आकाशातून पंख असलेली बालके त्याला शस्त्रे पुरवीत आहेत. कडेने बारीक फारसी अक्षरांत बादशहाची स्तुती आहे.

ते शिर मलिक अंबरचे.

आता गंमत अशी, की हे चित्र रंगत होते तेव्हा ते शिर अंबरच्या धडावर सुखरूप होते. नुसते तेव्हाच नव्हे, तर पुढेही दहा वर्षे होते. मलिक अंबर १६२६ च्या मे महिन्यात वारला, तो सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन, आपल्या मरणाने. जहांगीर त्याच्यामागून दीड वर्षाच्या आत गेला. ज्याचे शिर बादशहाला उभ्या आयुष्यात मिळाले नाही, त्याचे शिर त्याने कागदावर मिळवले.

आम्हां नगर जिल्ह्यातल्या लोकांना या चित्राबद्दल आपलेपणा वाटावा असे पुष्कळ आहे. ज्या राज्यासाठी अंबर लढला ते राज्य नगरचे. ज्या लढाईने त्याने बादशाही फौजांना धूळ चारली ती भातवडीची लढाई नगरच्या परिसरातली. माझे राळेगणसिद्धी नगर शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, पारनेर तालुक्यात. या पठारावरून ज्यांच्या फौजा गेल्या त्यांत अंबरची घोडी होती आणि मोंगलांचे हत्तीही होते. तरी या भागातल्या शंभर माणसांना विचारले तर चांदबिबीचे नाव नव्वद जण सांगतील, अंबरचे दहा जण सांगतील, आणि या चित्राचे बहुधा कोणीच सांगणार नाही. म्हणून दिवाळीच्या फराळासोबत ही हकीकत सांगावी म्हणतो. तीत नगर आहे, दिल्ली आहे, आणि थोडे लांबचे रोमही आहे. रोम कसे, ते पुढे येईल.

आधी अंबरची ओळख. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मलेले हे पोर. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकले गेले. अरबस्तान, बगदाद असे हात बदलत बदलत दख्खनेत आले. नगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही मूळचा हबशी गुलामच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करू लागला आणि हळूहळू स्वतःचे पथक बाळगू लागला. इकडे निजामशाहीचे दिवस फिरले होते. १४९० मध्ये मलिक अहमदने स्थापलेल्या या राज्यावर अकबराच्या फौजा चालून आल्या. १५९५-९६ च्या वेढ्यात चांदबिबीने नगरचा भुईकोट राखला. सुरुंगाने पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले, ही कथा आपण शाळेत वाचतो. पण १६०० साली घरच्याच माणसांनी तिचा घात केला आणि किल्ला मोंगलांच्या हाती गेला.

राजधानी पडली म्हणजे राज्य बुडाले, असा व्यवहार. अंबरने तो मानला नाही. राजघराण्यातला एक मुलगा शोधून त्याने त्याला परांड्यास गादीवर बसवले आणि त्या घराण्याच्या नावाने पंचवीस वर्षे राज्य चालवले. राजधानी कधी परांड्यास, कधी जुन्नरास, कधी दौलताबादेस. १६१० मध्ये त्याने खडकी हे नवे नगर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. मोंगलांचे सैन्य मोठे, तोफखाना मोठा. समोरासमोर गाठ घालणे म्हणजे आत्मघात. तेव्हा अंबरने मराठा बारगीर हाताशी धरले, शत्रूची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, आणि तो पाठीस लागला की डोंगरात दिसेनासे व्हायचे, अशी लढाई आरंभली. शहाजीराजांसारखे मराठे सरदार त्या लढाईत वाढले. त्या लढाईचे पुढे काय झाले ते महाराष्ट्रातल्या पोरासोरांना ठाऊक आहे.

अशा माणसाने बादशहाची झोप उडवली तर नवल नाही. जहांगीरने आपल्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. त्यांत अंबरचा उल्लेख आला की बादशहाची लेखणी घसरते. ‘काळतोंड्या’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या नावाला जोडल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत अंबरचा मोठा पराभव झाला आणि मोंगलांनी खडकी जाळली. दुसऱ्या वर्षी नगरच्या किल्ल्याच्या किल्ल्याही त्याला मोंगलांच्या हवाली कराव्या लागल्या. त्या विजयाच्या भरात हे चित्र निघाले असावे. परंतु १६२४ मध्ये भातवडीस मोंगल आणि विजापूरकर एकत्र येऊन अंबरवर चालून आले, तेव्हा त्याने दोघांनाही धुळीस मिळवले. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी रणात पडला. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत कामास आले. तलावाचे पाणी सोडून अंबरने शत्रूच्या वाटेचा चिखल करून टाकला होता, असे सांगतात. चित्रातले शिर असे आठ वर्षांनी उठून बादशहाकडे पाहून हसले!

आता त्या चित्रातल्या पृथ्वीच्या गोलाकडे वळू. कारण रोमची वाट त्यातूनच जाते.

बैल आणि मासा ही पृथ्वीला आधार देणारी जोडी इस्लामी देशांतल्या जुन्या कथांमधली. परंतु राजाच्या पायाखाली किंवा हातात पृथ्वीचा गोल देण्याची कल्पना तिथली नव्हे. ती रोमन. ऑगस्टस बादशहाच्या नाण्यांवर विजयदेवता गोलावर उभी राहिलेली दिसते. पुढच्या रोमन बादशहांच्या हातात तो गोल आला. सगळी पृथ्वी आमच्या मुठीत, हा त्याचा अर्थ. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले तेव्हा त्या गोलावर क्रूस बसला आणि तो युरोपच्या सगळ्या राजांच्या हातात गेला. तेथून तो छापील चित्रांत उतरला. १५८० मध्ये जेसुइट पाद्री गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस अकबराच्या दरबारी गेले, त्यांनी अँटवर्पला छापलेले बायबल बरोबर नेले होते. त्यातली ठशांची चित्रे मोंगल चिताऱ्यांनी अक्षरशः गिरवली. पंखवाली बालके आली ती त्याच रस्त्याने, आणि गोलही त्याच रस्त्याने आला. तेव्हा अंबरच्या शिरावर नेम धरताना जहांगीर ज्या पृथ्वीवर उभा आहे, ती दीड हजार वर्षांपूर्वी रोममध्ये घडलेली आहे.

शत्रूचे शिर दाखवण्याची हौसही काही नवी नाही. रोममध्ये ट्रेजन बादशहाचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ चा, सुमारे तीस मीटर उंच. त्यावर खालपासून वरपर्यंत गोफासारखी शिल्पांची पट्टी गुंडाळली आहे आणि तीत डेशियाच्या स्वारीची सगळी कथा कोरली आहे. डेशिया म्हणजे आजचे रोमेनिया. शेवटी तिथला राजा डेसेबालस शरण जाण्यापेक्षा स्वतःचा गळा कापून घेतो, आणि त्याचे शिर रोमन सैन्याला दाखवले जाते. फरक एवढाच, की ट्रेजनपाशी ते शिर खरोखर होते. जहांगीरपाशी होता फक्त उत्तम चितारी. आणि बादशहापाशी उत्तम चितारी असला म्हणजे काय काय होऊ शकते याचा दुसरा दाखलाही आहे. त्याच अबुल हसनने आणखी एक चित्र काढले. त्यात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला आलिंगन देतो आहे. दोघेही पृथ्वीच्या गोलावर उभे आहेत. जहांगीरच्या पायाखाली सिंह आहे, शाहच्या पायाखाली मेंढरू. सिंह हळूच पसरला आहे आणि मेंढरू पश्चिमेच्या समुद्राकडे सरकत चालले आहे. वास्तविक हे दोन राजे जन्मात एकमेकांना भेटले नव्हते. आणि १६२२ मध्ये त्या मेंढरावरच्या शाहने कंदाहार घेतले.

याच जहांगीरच्या दरबारी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो होता. त्याने १६१७ मध्ये बादशहाला मर्केटरचा नकाशासंग्रह नजर केला. त्यात खरी पृथ्वी होती, देशोदेशींच्या सीमा होत्या, समुद्र होते. बादशहाने काही दिवसांनी तो ग्रंथ परत पाठवला. आमच्याकडे हा कोणाला वाचता येत नाही, असे कळवले. जी पृथ्वी पायाखाली धरून चित्र काढवले, तिचा नकाशा हातात आला तेव्हा तो नकोसा झाला. नकाशात कोणाचा पाय कोणाच्या डोक्यावर नसतो, हेही कारण असेल कदाचित.

कोणी म्हणेल, रोमचा आणि आमच्या नगर जिल्ह्याचा संबंध काय तो एका चित्रापुरता? तसे नाही. प्रवरेकाठी नेवासे आहे, ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. हसमुख सांकलिया यांनी उत्खनन केले. सातवाहनांच्या काळच्या थरात रोमन धर्तीच्या निमुळत्या मद्यकुंभांची खापरे निघाली. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पॉसिडॉन या समुद्रदेवाची लहानशी काशाची मूर्ती सापडली. पैठण आणि तेर या बाजारपेठांची नावे त्या काळच्या ग्रीक नाविकांच्या वाटाड्या पुस्तकात आहेत. आणि प्लिनी हा रोमन ग्रंथकार कुरकुर करतो, की हिंदुस्थान दरसाल आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे रोम आमच्याकडे प्रथम आले ते तलवार घेऊन नव्हे. गिऱ्हाईक म्हणून आले. नेवाशाच्या खापरात बादशहा नाही, स्तंभ नाही, शिर नाही. कोणी तरी आणले, कोणी तरी प्याले, आणि रिकामे झाल्यावर फुटले. सत्तेचे रोम आले ते मात्र पुष्कळ उशिरा, आणि तेही दुसऱ्यांच्या अंगावर चढून.

ते चढले इंग्रजांच्या अंगावर. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्ली नगरवर आला. ८ तारखेला त्याने पेठ घेतली, १२ ला किल्ला हाती आला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्या विजयांच्या जोरावर जे साम्राज्य उभे राहिले त्याला स्वतःचा असा चेहरा नव्हता. त्याने रोमचा मुखवटा घेतला. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या अंगात कोट-पाटलोण नाही. रोमन अंगवस्त्र आहे! आणि त्याच्या पायाशी आहेत एक पंडित आणि एक मुनशी. मुंबईत सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, घोड्यावरचा पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. बोह्म नावाच्या शिल्पकाराने तो घडवला आणि सर आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. राजाला घोड्यावर बसवून चौकात उभे करायचे ही रीतही रोमचीच. तिचा मूळ नमुना म्हणजे मार्कस ऑरेलियस बादशहाचा रोममधला काशाचा अश्वारूढ पुतळा.

त्या पुतळ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. रोमन बादशहांचे असे पुतळे पुष्कळ होते. पुढच्या काळात धातूसाठी ते बहुतेक सगळे वितळवले गेले. हा वाचला, कारण हा कॉन्स्टंटाइन आहे, पहिला ख्रिस्ती बादशहा आहे, असा लोकांचा समज झाला. चुकीच्या नावाने त्याचे प्राण वाचवले. आमच्या नगरास याला तोड आहे. शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दुरून दिसते. आबालवृद्ध तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीशी तिचा काही संबंध नाही. पण सलाबतखानाच्या कबरीकडे सहलीला कोण गेले असते? वीरांगनेच्या नावाने ती इमारत लोकांनी आपली म्हटली. इतिहासाच्या शिक्षकाने चूक दुरुस्त करावी हे खरेच. पण दुरुस्ती करताना आवाज थोडा खाली ठेवावा. राजे लोक खोटे विजय रंगवतात ते आपल्यासाठी. रयत चुकीची नावे ठेवते ती बहुधा प्रेमापोटी.

मुंबईच्या एडवर्डला असे प्रेम मिळाले नाही. मात्र घोड्याला मिळाले! लोकांनी स्वाराचे नाव कधी घेतलेच नाही. ‘काळा घोडा’ म्हणूनच तो पुतळा आणि तो भाग ओळखला गेला. १९६५ मध्ये राजाला घोड्यासकट तेथून उचलून राणीच्या बागेत नेऊन ठेवले, जेथे आज भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. स्वार गेला, घोडाही गेला, पण नाव राहिले. आणि २०१७ मध्ये त्या भागात पुन्हा एक काळा घोडा उभा करण्यात आला. तो घडवला श्रीहरी भोसले या शिल्पकाराने, आणि त्याची योजना होती वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची. या घोड्यावर कोणी बसलेले नाही. लगाम धरणारा हात नाही. रोमपासून चालत आलेल्या त्या रीतीचा अर्थच तेथे उलटला आहे: दोन हजार वर्षे घोडा राजासाठी होता, मुंबईत तो स्वतःसाठी उभा आहे.

खुद्द रोममध्ये काय झाले? तेथे मुसोलिनीला प्राचीन साम्राज्याचे वारसदार व्हायचे होते. त्याने राहत्या घरांच्या वस्त्या पाडून जुन्या फोरमच्या अवशेषांमधून रुंद सरळ रस्ता काढला आणि १९३२ मध्ये त्यावरून संचलने सुरू केली. कडेच्या भिंतीवर रोमन साम्राज्य कसकसे वाढले याचे संगमरवरी नकाशे बसवले, आणि अबिसीनिया जिंकल्यावर स्वतःच्या साम्राज्याचा एक नकाशा त्यांत आणखी जोडला. अबिसीनिया, म्हणजे हबसाण. आमच्या अंबरची जन्मभूमी! तो शेवटचा नकाशा युद्धानंतर काढून टाकला गेला. जुने चार तेवढे राहिले.

त्यानंतर सत्तर वर्षांनी त्याच शहराने याला एक वेगळे उत्तर पाहिले. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांनी टायबर नदीच्या काठच्या उंच दगडी भिंतीवर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची चित्रमाला केली. रोमचा परंपरागत जन्मदिवस २१ एप्रिल. २०१६ च्या त्याच दिवशी ती लोकांपुढे आली. तिचे नाव ‘विजय आणि विलाप’. आकृत्या ऐंशीच्या वर, काही दहा-दहा मीटर उंच. रोम्युलसला पाजणारी लांडगीण तेथे आहे, पण हाडांचा सापळा झालेली. विजयी सेनापतींचे घोडे आहेत, पण मोडलेले. नावेतून जीव मुठीत धरून आलेले परागंदा लोक आहेत, रडणाऱ्या बाया आहेत, मारला गेलेला कवी पासोलिनी आहे. आणि हे सगळे रंगवलेले कशाने? रंगाने नव्हेच. त्या भिंतीवर वर्षानुवर्षांची काजळी आणि शेवाळ साचले होते. आकृतीचे कापलेले साचे भिंतीला लावून, त्यांच्या भोवतालची काजळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढली. साच्याखाली जी घाण उरली, तीच आकृती. पुन्हा काजळी चढेल तेव्हा चित्र आपोआप मिटेल, हे चित्रकाराला पहिल्यापासून ठाऊक होते, आणि ते मिटत चाललेही आहे. ट्रेजनचा स्तंभ एकोणीसशे वर्षे उभा आहे. हे चित्र आठ-दहा वर्षांत पुसट झाले. पण ट्रेजनच्या स्तंभावर जे कोणासाठी रडत नव्हते, ते या भिंतीवर रडून गेले.

आता आपल्या घराकडे वळू. मलिक अंबरने बादशहाचे शिर भाल्यावर टोचलेले चित्र कधी काढवले नाही. जे त्याने करून ठेवले ते जमिनीखाली आहे. खडकी वसवली तेव्हा तेथे पाण्याची वाण होती. अंबरने डोंगराकडचा जमिनीखालचा झरा शोधून, भुयारी नळाने, नुसत्या उताराच्या जोरावर ते पाणी शहरात आणले. त्यालाच ‘नहर-ए-अंबरी’ म्हणतात. अंबरला शिव्या देणारे मोंगल पुढे त्याच शहरात राहिले आणि त्याच नहरीचे पाणी प्याले. नगर शहरातही निजामशाहीने असेच केले होते: कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडून खापरी नळांनी पाणी शहरात, किल्ल्यात आणि बागांत आणले. फराहबागेचा महाल तळ्याच्या मध्यभागी उभा राहिला तो त्या पाण्यावर. रोमन लोकांच्या उंच कमानींवरच्या पाटांची छायाचित्रे आपण पुस्तकात पाहून थक्क होतो. आमचे नळ जमिनीखाली आहेत म्हणून छायाचित्रात येत नाहीत, एवढेच. शिवाय अंबरने जमिनीची प्रतवारी लावून धारा बांधला. त्या पद्धतीचे नाव दख्खनेत पुढे कित्येक पिढ्या निघत राहिले.

तथापि अंबरला देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा विचार नाही. भातवडीस ज्या तलावाचे पाणी त्याने शत्रूवर सोडले असे सांगतात, तो तलाव कोणा तरी गावाचा होता. त्या पाण्यावर कोणाची तरी गुरे जगत होती. त्या वर्षी त्या गावाने काय प्यायले असेल, हे कोणत्याही बखरकाराने लिहून ठेवलेले नाही. रसद तोडणे म्हणजे शेवटी उभी पिके जाळणे, आणि पीक काही मोंगलाचे नसते. अंबरच्या मागोमाग चारच वर्षांनी, १६३० मध्ये, दख्खनेत महादुष्काळ पडला. तीस वर्षांच्या धामधुमीने नागवलेल्या रयतेला तो सोसला नाही. १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. विजयाचे चित्र कोणीही काढो, त्याच्या चौकटीबाहेर कोण उभे होते हे विचारायला आपण शिकले पाहिजे.

आणि तरीही, राज्यकर्त्याला मोजायला आमच्या पारनेरच्या पठारावर एकच माप आहे, ते पाण्याचे. येथे पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आमच्या गावाने नाल्यांवर बांध घातले, पाणी अडवले, मुरवले, तेव्हा विहिरींना तळ दिसायचा थांबला. ते बांध पाहायला लांबलांबून माणसे येतात आणि आधी जरा गोंधळतात. कारण पाहण्यासारखे तेथे काहीच नसते! माती असते, दगड असतात, आणि पलीकडे हिरवे शेत असते.

जहांगीरच्याच काळात हाशिम नावाच्या मोंगल चिताऱ्याने अंबरचे आणखी एक चित्र काढले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात ना भाला, ना घुबड. एक वयस्क, भारदस्त, काळा माणूस पांढऱ्या वस्त्रांत शांतपणे उभा आहे. शत्रूच्या घरच्या चिताऱ्यानेही जसा दिसला तसा माणूस काढला. आणि अंबर वारल्यावर मोंगल दरबारच्याच इतिहासकाराने, मुतमदखानाने, लिहून ठेवले की युद्धात, कारभारात आणि विवेकात त्याला तोड नव्हती. बादशहाचा बाण चुकला तो येथे.

२०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांची आठवण देशभर निघते ती कोणाच्या शिरावरून नव्हे. घाट, विहिरी, बारव आणि धर्मशाळा यांवरून निघते. नाव बदलले म्हणजे जुन्या शहराच्या जमिनीखालचे नळ बदलत नाहीत. उलट त्या नावाच्या जिल्ह्यात असे नळ आणि तळी बुजू देणे अधिक लाजिरवाणे होईल. आज फराहबागेभोवतीचे तळे आटले आहे. पुष्कळ खापरी नळ रस्त्यांच्या आणि घरांच्या पायांत गडप झाले आहेत. ज्या भुईकोटात १९४२ ते १९४५ पंडित नेहरूंना इंग्रजांनी कैदेत ठेवले आणि त्यांनी आपला ‘भारताचा शोध’ लिहिला, तो किल्ला सुस्थितीत आहे. पण त्याच्या खंदकाला पाणी कोठून येत होते हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.

या चार दिवसांत अंगणाअंगणांत पोरे किल्ले करतील. पडक्या बुरुजांना पुन्हा उभे करण्याची कला आमच्याकडे दरसाल अशी घरोघर होते, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पावसाने किंवा पायाने विरघळूनही जाते. ती पोरे राजा सिंहासनावर बसवतात तो अगदी शेवटी. त्याआधी दगड रचून होतात, माती कालवून होते, अळीव पेरून होते आणि वाटीचे तळेही होते. त्यांना विचारावे, या तळ्यात पाणी कोठून येते? नळ कोठून आणलास? एखादे पोर गडबडेल, मग उकिडवे बसून काडीने उतार शोधू लागेल. मलिक अंबरची खरी तसबीर कोणाला पाहायची असेल तर ती तेथे पाहावी.